कोल्हापूरहून चार दिवसांत सागरी मार्गाचा प्रवास: कोणता टप्पा निवडावा आणि कुठे थांबावे?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. संक्रांतीला जोडून चार दिवसांची रजा मिळत असून या वेळी एकाच ठिकाणी मुक्काम न करता किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने फिरावे, असे घरात ठरले आहे. आम्ही सहा जण आहोत: मी, पत्नी, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि माझे आई-वडील. वडील निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचा विषय इतिहास. प्रकृती उत्तम असली तरी वय चौऱ्याहत्तर आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास सहज चालते, पायऱ्या मात्र मोजूनच चढते. गाडी सात आसनांची आहे आणि घाटात तरी ती मलाच चालवायची आहे.

आजवर आमचे कोकण म्हणजे आंबा घाट उतरून गणपतीपुळे आणि दुसऱ्या दिवशी परत, एवढेच राहिले. म्हणून नकाशा समोर ठेवून मी असा आराखडा केला: पहिल्या दिवशी आंबा घाटाने रत्नागिरी, दुसऱ्या दिवशी पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर करत विजयदुर्ग, तिसऱ्या दिवशी देवगड, कुणकेश्वर, मालवण आणि चौथ्या दिवशी वेंगुर्ला, शिरोडा, रेडी पाहून आंबोलीमार्गे घरी. नकाशावर अंतरे फारशी वाटत नाहीत. तरीही हा आराखडा वडिलांना दाखवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "यात उतरून पाहायला वेळ कुठे आहे?" तेव्हापासून माझाही धीर सुटला आहे.

हा मार्ग ज्यांनी प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया सांगावे की चार दिवसांत यातले काय ठेवावे आणि काय सोडावे. मुलांना समुद्र हवा आहे, आईला देवळे हवी आहेत आणि वडिलांना किल्ले. मला स्वतःला रस्ता हवा आहे, म्हणजे ज्या रस्त्यावरून जाताना समुद्र दिसत राहतो आणि वाटेल तिथे गाडी उभी करता येते, असा रस्ता.

घाटउतार (कोल्हापूर)

आपल्या वडिलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. गेली अठरा-वीस वर्षे मी वर्षातून दोनदा तरी खाली उतरतो. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो की रत्नागिरी ते रेडी हा प्रवास चार दिवसांत होतो खरा, पण तो गाडीच्या काचेतून होतो. कोकणच्या किनाऱ्यावर नकाशातले अंतर फसवे असते, कारण दर दहा-पंधरा किलोमीटरला एखादी खाडी जमिनीत शिरलेली असते. समोरच्या काठावरचे घर, त्याच्या अंगणात वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात. परंतु तिथे पोहोचण्यासाठी खाडीच्या कडेकडेने आत जाऊन पूल गाठावा लागतो आणि पलीकडून पुन्हा तेवढेच बाहेर यावे लागते. रस्ता कधी कातळाच्या सड्यावर चढतो, कधी माडांच्या बागांत उतरतो, गावातून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात आणि समोरून एसटी आली तर कुणीतरी एकाने मागे घ्यावे लागते. अशा रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर धरावेत, अधिक नाही.

म्हणून माझा सल्ला असा की रत्नागिरीचा टप्पा या वेळी सोडावा आणि रेडी ते विजयदुर्ग एवढाच किनारा घ्यावा. दुसरा सल्ला त्याहून महत्त्वाचा आहे: आराखड्याची दिशा उलटी करावी. आंबोलीने उतरावे, दक्षिणेकडून उत्तरेकडे यावे आणि विजयदुर्गाहून गगनबावड्याने वर चढावे. कारण साधे आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि आपला समुद्र पश्चिमेला आहे. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, त्यामुळे एखादी जागा आवडली की समोरून येणारी वाहने न ओलांडता गाडी थेट समुद्राच्या बाजूला घेता येते आणि आई-वडिलांना रस्ता ओलांडावा लागत नाही. शिवाय जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येकडे कलून मावळतो. दक्षिणेकडे गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांवर दुपारी चारपासून ऊन येते. उत्तरेकडे जाणाऱ्याच्या ते पाठीशी राहते. तुम्ही एकटेच गाडी चालवणार आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला कोल्हापूर सोडावे. निपाणी, आजरा करत आंबोलीला नाश्त्याला पोहोचता येते. थंडीत आंबोलीचे धबधबे नसतात, परंतु हिरण्यकेशीचे उगमस्थान पाहण्यासारखे आहे. आजरा आणि गडहिंग्लजच्या पुलांवरून आपण जी नदी नेहमी ओलांडतो, ती तिथे एका गुहेतून झऱ्यासारखी बाहेर पडते. त्या कुंडात माशाची एक नवी जात सापडल्याचे २०२० साली जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. मुलांना हे सांगून मग पाणी दाखवावे. ती वाकून वाकून पाहतात. घाट उतरून सावंतवाडीत दुपारचे जेवण करावे आणि चितारआळीत लाकडी खेळण्यांसाठी अर्धा तास ठेवावा. प्लास्टिकची फळे घरोघर दिसतात, परंतु सावंतवाडीची लाकडी केळी आणि मिरच्या हातात घेतल्यावर जो हलका, गुळगुळीत भार जाणवतो तो वेगळाच असतो.

तिथून रेडी. तिथल्या गणपतीची मूर्ती १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीच्या परिसरात सापडली. मंदिर समुद्राजवळ असून आईंना फार चढावे लागत नाही. रेडीहून शिरोडा जवळच आहे. शिरोड्याला मिठागरे आहेत, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथेच. तुमचे वडील शिक्षक आहेत म्हणून आणखी एक सांगतो: वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवले आणि नंतर ते आपल्या कोल्हापुरात आले. शिवाजी विद्यापीठातले त्यांचे स्मृतिसंग्रहालय वडिलांनी पाहिले असेलच. ज्या गावात त्यांच्या आयुष्याची अठरा वर्षे गेली, ते गाव पाहणे त्यांना निश्चित आवडेल. त्या दिवसाचा मुक्काम शिरोडा किंवा आरवलीत करावा आणि सूर्यास्त शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर, सुरूच्या बनाजवळ पाहावा.

दुसऱ्या दिवशी आरवलीचा वेतोबा. हे देवस्थान चुकवू नये. वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला अर्पण करतात. देव रात्री त्या पायांत घालून गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी गावाची श्रद्धा आहे. कोल्हापुरी माणसाला चपलेतले कळते. माझ्या वडिलांनी तिथली एक चप्पल बराच वेळ निरखून पाहिली होती, तिची शिवण, तिची टाच, तळाची जाडी. आणि मग काही न बोलता हात जोडले होते.

आरवलीहून मोचेमाडमार्गे वेंगुर्ला. मोचेमाडच्या चढावर गाडी थांबवावी. खाली खाडी, वाळूचा पट्टा आणि समुद्र एकाच नजरेत येतात. वेंगुर्ल्याचे बंदर आणि तिथला दीपस्तंभ पाहून पुढे परुळे, मग निवती किंवा भोगवे यांपैकी एकच किनारा निवडावा. आम्ही भोगवे निवडतो, कारण त्याच्या उत्तर टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळताना दिसते आणि पलीकडच्या काठावर देवबागची चिंचोळी जीभ दिसते. पोहत जाता येईल असे वाटते, पण गाडीला मात्र आत नेरूरपारच्या पुलापर्यंत जावे लागते. हा वळसा मला कधीच जाचक वाटलेला नाही, कारण वाटेत वालावलचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि पूल ओलांडल्यावर धामापूरचा तलाव लागतो. हा तलाव १५३० साली बांधला गेला आणि आजही भरलेला आहे. काठावर भगवतीचे देऊळ आहे. समुद्राच्या दोन दिवसांच्या झगमगाटानंतर ते सावलीतले गोडे पाणी डोळ्यांना निववते. मुक्काम तारकर्लीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलांना उठवून किनाऱ्यावर न्यावे. रापण लागली असेल तर तुमच्या सहलीतले सर्वांत मोलाचे तास तेच ठरतील. होडीने अर्धगोलात सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर दोन टोळ्यांच्या हाती असतात. सुरुवातीला त्या टोळ्या एकमेकींपासून इतक्या दूर असतात की दोघांचा काही संबंध आहे असे वाटत नाही. मग दोर ओढता ओढता त्या जवळ सरकू लागतात, ओला दोर वाळूवर वेटोळ्यांनी साठत जातो आणि शेवटी जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला की आतली चांदी उसळू लागते. पेडवे, तारल्या, बांगडे, एखादी मोरी. वर घारी घिरट्या घालतात, बायका पाट्या घेऊन निवडायला बसतात आणि वाटे पडतात. दूर उभे राहून फोटो काढण्यापेक्षा आधी विचारावे आणि दोराला हात लावावा. माझ्या मुलीने एकदा शेवटचा अर्धा तास दोर ओढला, तेव्हा तिच्या ओंजळीत चार बांगडे घालून तिला वाट्यात धरले गेले. ती आता नोकरी करते, पण ते चार बांगडे विसरलेली नाही.

न्याहारीनंतर सिंधुदुर्ग करावा आणि दुपारी तीनच्या आत मालवण सोडावे. आचऱ्याच्या रामेश्वराला थोडा वेळ थांबून सूर्यास्ताला कुणकेश्वर गाठावे. मुक्काम तिथे किंवा देवगडला करावा आणि चौथ्या दिवशी सकाळी विजयदुर्ग. सारे मिळून सुमारे साडेचारशे किलोमीटर होतात. चार दिवसांसाठी हे पुरेसे आहे.

कातळसडा (रत्नागिरी)

वरील आराखडा उत्तम आहे, तरीही एका गोष्टीशी मी सहमत नाही. विचारणाऱ्यांनी स्वतःसाठी रस्ता मागितला आहे, आणि समुद्राला खेटून जाणारा रस्ता हा निकष असेल तर आमच्या बाजूला तोड नाही. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेमार्गे जाताना रस्ता डोंगराच्या कडेने चढतो आणि खाली जुळ्या किनाऱ्यांच्या मधोमध खाडीचे मुख दिसते. तुमच्या बाजूला सिंधुदुर्गात समुद्र भेटतो तो गावागावांतून फाटे फोडून. मुख्य रस्त्यावरून तो तसा कमीच दिसतो, हे मान्य करावे लागेल.

आणि काशेळी. आडिवऱ्याच्या महाकालीपासून जवळच काशेळीचे कनकादित्याचे देऊळ आहे. कोकणात सूर्याची देवळे मोजकीच आहेत. कौलारू छप्पर, लाकडी खांबांवरचे कोरीव काम आणि दुपारी दोनलाही गार असणारा सभामंडप. या देवस्थानाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट आहे. हा भोज पन्हाळ्याचा; म्हणजे आठशे वर्षांपूर्वी तुमच्या गडावरून निघालेला हुकूम आमच्या बाजूला अजून जपून ठेवलेला आहे. वडिलांना इतिहासाची आवड आहे म्हटल्यावर हे सांगितल्यावाचून राहवले नाही.

मात्र चार दिवसांत दोन्ही जमणार नाही, हे मलाही पटते. माझी विनंती एवढीच आहे की हा टप्पा "सोडलेला" न मानता पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावा. दोन दिवस काढावेत: आंबा घाटाने उतरून रत्नागिरी, थिबा राजवाडा, भाट्ये, पावस, पूर्णगड, काशेळी, जैतापूर आणि राजापूरमार्गे परत. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ साली राज्य गेल्यावर आमच्या गावात आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्या राजवाड्याच्या गच्चीवरून खाडीकडे पाहताना मुलांना ही हकिगत सांगावी. पाठ्यपुस्तकातल्या ओळीपेक्षा ती अधिक लक्षात राहते.

मोंडखाडी (माहेर देवगड तालुका, सध्या कोल्हापूर)

विजयदुर्गाबद्दल वर फक्त एक ओळ आली आहे, म्हणून मी लिहिते. बहुतेक सहलींत सिंधुदुर्ग मुख्य आणि विजयदुर्ग जाता जाता, असा क्रम असतो. आपल्या घरच्या मंडळींचा विचार केला तर तो उलटा असायला हवा. विजयदुर्गाला होडी लागत नाही. गाडी किल्ल्याच्या दाराजवळ जाते, आत चढ आहे पण तो सावकाश चढण्याजोगा आहे आणि मध्ये टेकायला झाडांची सावली आहे. तीन पदरी तटबंदीतून आत जाताना एका दरवाजातून दुसरा दरवाजा समोर दिसत नाही, वाट प्रत्येक वेळी वळते. मुलांना तिथे उभे करून विचारावे की बाहेरून तोफ डागली तर गोळा कुठे लागेल. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडते.

हा किल्लाही मुळात त्याच दुसऱ्या भोजाने बांधला असे मानले जाते. पुढे तो शिवाजी महाराजांनी घेऊन वाढवला, आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले आणि १७५६ साली इंग्रजांच्या हल्ल्यात तो पडला. या हल्ल्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आमच्याकडे आजही हळहळून सांगितली जाते. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, वाघोटन खाडीच्या काठी, गिर्ये गावाच्या हद्दीत खडकात खोदलेली आरमारी गोदी आहे. तिथे कुणी फिरकत नाही. ओहोटीला चिखल असतो आणि आत खारफुटी वाढली आहे, परंतु गलबते दुरुस्तीसाठी ज्या जागी ओढून घेत ती जागा डोळ्यांनी पाहायला मिळते. गिर्ये इथलेच रामेश्वराचे देऊळ आईंना दाखवावे. कातळ खोदून केलेल्या वाटेने खाली उतरत देवळाशी जावे लागते, म्हणून त्यांना हाताला धरून न्यावे.

किल्ल्यावर तुम्हाला "साहेबाचा ओटा" दाखवतील आणि सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध इथेच लागला असे सांगतील. वडील ही गोष्ट नक्की तपासतील, म्हणून आधीच लिहिते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून अनेक ठिकाणांहून पाहिले गेले. ज्या वर्णपटाशी हेलियमच्या शोधाचे नाव जोडले जाते त्याचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले होते, तर या शोधात ज्यांचे नाव त्यांच्या जोडीने घेतले जाते ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. आमच्या किल्ल्याचा अभिमान मला कुणाहूनही कमी नाही, पण त्याच्या मोठेपणाला या गोष्टीची गरज नाही, असे मला मनापासून वाटते.

देवगडला जानेवारीत आंबा मिळणार नाही. मिळाला तर तो घेऊ नये. त्या दिवसांत मोहोर असतो आणि सकाळी गाडीच्या काचा खाली करून सड्यावरच्या बागांमधून जाताना त्याचा वास गाडीभर भरतो. तेवढ्यासाठी तरी देवगड ते विजयदुर्ग हा रस्ता एसी बंद करून करावा.

पंचगंगाकाठ

इतक्या आपुलकीने कुणी लिहील अशी अपेक्षा नव्हती. सर्व उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. दुसऱ्या भोजाचा ताम्रपट आणि विजयदुर्ग यांचा पन्हाळ्याशी असलेला संबंध ऐकून ते उठून कपाटातली जुनी वही शोधू लागले. काशेळीचा टप्पा होळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे, आणि या वेळी आंबोली ते गगनबावडा हीच दिशा नक्की केली आहे.

आता तीन शंका उरल्या आहेत. सिंधुदुर्गाच्या होडीत आईला चढता-उतरता येईल का? ती आणि वडील शाकाहारी आहेत, त्यांची जेवणाची सोय नीट होईल का? आणि शेवटच्या दिवशी गगनबावड्याचा घाट चढायला उशीर झाला तर काय करावे?

घाटउतार

होडीचे सारे गणित भरती-ओहोटीवर आहे. ओहोटीला होडी धक्क्याच्या बरीच खाली जाते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते मोठे पाऊल टाकणे अवघड पडते. भरतीला होडी जवळजवळ धक्क्याच्या बरोबरीने येते. तेव्हा तिथी पाहून वेळ ठरवावी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास दुपारी अकरा-बाराला भरती असते आणि ती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी येते, परंतु तेव्हा भांगाचे पाणी, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्याने चढ-उतारातला फरकही कमी असतो. धक्क्यावरच्या नावाड्यांना आईंच्या गुडघ्यांचे आधी सांगावे; ते दोन्ही हात धरून उतरवून घेतात.

किल्ल्याच्या आत सपाट चालणे आहे. शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत आई सावकाश जातील. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी वाटेतच आहेत, चहूबाजूंना खारा समुद्र असताना त्या गोड कशा, हे वडील मुलांना सांगतील. तटावर चढण्याचा आग्रह आईंना धरू नये. होडीवाले परतीसाठी ठरावीक वेळ देतात आणि तो अपुरा वाटतो, म्हणून निघतानाच थोडा जास्त वेळ बोलून घ्यावा. किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले हे सर्वांना माहीत असते, परंतु हा किल्ला पुढे बराच काळ करवीरकर छत्रपतींकडे होता आणि १८१२ च्या तहात तो मालवण बंदरासह इंग्रजांना द्यावा लागला, हे आपल्या कोल्हापुरातही फारसे कुणाला ठाऊक नसते.

जेवणाची काळजी नको. खानावळीत सकाळी सांगून ठेवले तर काळ्या वाटाण्याचे सांबारे, घावणे, भाजी आणि सोलकढी असे सुरेख शाकाहारी ताट मिळते. न सांगता दुपारी दोनला गेलात तर मात्र पनीर पुढे येईल. मासे खाणाऱ्यांनी बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण मागावे.

एक सूचना स्वतःच्या अनुभवातून देतो. गाडी कुठल्याही परिस्थितीत वाळूवर घालू नये. मिठबावच्या बाजूला ओली वाळू घट्ट वाटली म्हणून मी एकदा गाडी खाली घेतली आणि वळवताना पुढची दोन्ही चाके रुतली. भरती चढत होती. मी जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी चाके खोल गेली. शेवटी होडीवरून परतलेल्या सात-आठ जणांनी झावळ्या चाकांखाली घालून आणि रापणीचा दोर बांधून गाडी बाहेर काढली, तेव्हा मागच्या बंपरला पाणी लागले होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितले की, "दर्या बघूक इलास तर पायान ये." मुलांनाही पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर मुळीच उतरू नये.

मोंडखाडी

घाटाबद्दल मी सांगते, कारण माहेरी जाता-येता तोच माझा रस्ता आहे. विजयदुर्गाहून तळेरे सुमारे पन्नास किलोमीटर, पुढे वैभववाडी आणि मग करूळ घाट. दुपारी दीडला जेवून निघालात तर मुलांच्या चहापाण्यासह पाचच्या आत गगनबावड्याला पोहोचता आणि तिथून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर राहते. करूळ घाटात काम किंवा दरड यांमुळे वाहतूक बंद असण्याचे प्रसंग येतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी. करूळ बंद असेल तर खारेपाटणहून भुईबावडा घाट आहे, तो अरुंद आहे आणि वळणे तीव्र आहेत. आणि दोन्हींबद्दल शंका असेल तर कणकवलीजवळून फोंडा घाटाने दाजीपूर, राधानगरी करत यावे. तो रस्ता दाजीपूरच्या जंगलातून जातो आणि संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे तिथे वेग अगदी कमी ठेवावा.

उशीर झालाच, म्हणजे वैभववाडीतच सहा वाजले, तर धुके आणि उसाचे ट्रॅक्टर या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जानेवारी हा गळिताचा हंगाम आहे. गगनबावड्यापासून कळ्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात चालतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. घाटापेक्षा मला त्यांचीच भीती अधिक वाटते. अशा वेळी वैभववाडीत राहण्याची सोय पाहून पहाटे घाट चढावा. गगनगडाच्या बाजूने उजाडत असते, मागे दरीत कोकण धुक्याखाली असते, आणि वर पोहोचल्यावर चहाच्या टपरीवर गाडी थांबवून आई-वडिलांना पाय मोकळे करता येतात.